बुरुलची हजेरी

तेरेक-बेलच्या घाटरस्त्यावर ज्या खोपटातून सदा धूर निघत असतो ती बुरुलची खानावळ. बाई आता चाळिशीला टेकली. खानावळीवर पाटी नाही. एखादा नवा ट्रकवाला विचारतो, पाटी का नाही, तर म्हणते, "धूर दिसला ना तुला? मग पोटात जे जायचं ते जाईल, डोळ्यांना कशाला त्रास?" गावातली शिकलीसवरली मंडळी हे ऐकून एकमेकांना डोळे घालतात, कारण बुरुल अजूनही ओळीखाली बोट धरून, ओठ हलवत, थांबत थांबत वाचते हे सगळ्या गावाला ठाऊक आहे. मंडळींचं डोळे घालणं तिला दिसतं. ती त्यांच्या चहात दूध कमी घालते.

शाळेबद्दल तिला राग नाही. राग करण्याइतकी ती शाळेला मोठी समजतच नाही.

आणि खरं सांगायचं तर ती शाळा तेवढ्याच लायकीची होती. सोव्हिएत राज्य गेलं तेव्हा जाताना कोळसा, खिडक्यांच्या काचा आणि मास्तरांचे पगार सगळं बरोबर घेऊन गेलं. मागे राहिली ती रायकान एजे. एजे म्हणजे मोठी ताई, शाळेतल्या बाईंना तिकडे असंच म्हणतात, पण या ताईपणाचा अनुभव गावात कोणाला आला असेल तर त्यानं तो कधी बोलून दाखवला नाही. ती उपमुख्याध्यापिका होती आणि तिसरीचा वर्गही तिच्याकडेच होता. मुख्याध्यापक दोरोनबेक आगाय, आगाय म्हणजे मास्तर, हे नावापुरते. त्यांचं मुख्य काम म्हणजे पाहुणे आले की मेंढा मिळवणं, आणि पाहुणे नसले की पुढचे पाहुणे कधी येणार याची चौकशी करणं.

रायकान एजेच्या गळ्यात काळ्या दोरीला बांधलेलं एक घड्याळ असे, बटण दाबलं की पळणारं आणि पुन्हा दाबलं की थांबणारं. त्या घड्याळावर ती शाळा चालवायची. एका मिनिटात पोरगं किती शब्द वाचतं, एवढंच तिला माहीत करून घ्यायचं असे. जास्त वाचणारा हुशार, कमी वाचणारा ढ. तिसरीत एर्निस नावाचा एक गुबगुबीत मुलगा होता, तो ऐंशीच्या पुढे जायचा. गोष्टीत कोल्हा मेला की जगला हे त्याला विचारलं तर तो गोंधळून पुन्हा पहिल्यापासून वाचू लागायचा. पण वेग असा की ऐकणाऱ्याला धाप लागावी. एजे त्याच्याकडे बघून डोळे पुसायची.

बुरुलचं त्या घड्याळाशी जमलं नाही. अक्षरं तिला दिसायची, एकेक अक्षर ओळखूही यायचं. पण शेजारच्या गावाच्या कळपातली मेंढरं जशी दिसतात पण हाक मारली तर येत नाहीत, तसं काहीतरी व्हायचं. एकाला धरावं तर दुसरं निसटायचं. मिनिट संपेपर्यंत तिचे पाच-सात शब्द व्हायचे आणि त्यातला एखादा तिच्या पदरचा असायचा. वर्ग हसायचा. हसणाऱ्यांची तोंडं ती नीट लक्षात ठेवायची, आणि मग दुपारी कोणाच्या टोपीत बेडूक निघे, कोणाच्या पिशवीतल्या बोरसोकांना, म्हणजे कणकेच्या तळलेल्या गोळ्यांना, रॉकेलचा वास येई.

पहिलीत असतानाच तिचं नाव झालं होतं. वर्षाच्या शेवटी पोरांची बाराखडीची पुस्तिका वाचून झाली की शाळेत त्या पुस्तिकेच्या निरोपाचा सोहळा असतो. प्रत्येक पोर छातीवर एकेक अक्षर लावून कविता म्हणतं, आया रडतात, बाप टाळ्या वाजवतात. बुरुलला कविता पाठ होईना, म्हणून एजेनं तिला साक्षात पुस्तिकाच केलं. पुढून एक पुठ्ठा, मागून एक पुठ्ठा, मधे बुरुल. काही बोलायचं नाही, नुसतं मधोमध उभं राहायचं. भाषणं लांबली. पुठ्ठ्याच्या आत ऊब होती. पुस्तिकेला झोप लागली आणि दोरोनबेक आगाय "हिच्याच आधारानं तुम्ही पुढे उभे राहाल" म्हणत असतानाच ती आडवी होऊन त्यांच्या अंगावर आली. आगाय मिठाईच्या टेबलावर, टेबल पहिल्या रांगेवर. बुरुल पुठ्ठ्यातून बाहेर आली ती तोंडात दोन साखरेचे खडे घेऊनच.

तिची आई अनारकान त्याच शाळेत झाडलोट करायची आणि पहाटे शेगड्या पेटवायची. नवरा घाटात हिमाखाली गेला त्याला बरीच वर्षं झाली होती. मायलेकी दोघीच. अनारकान तोंडाची फटकळ, पण एजेपुढे तिची मान खाली असायची, कारण झाडू कोणाच्या हाती ठेवायचा हे एजे ठरवायची.

तिसरीत हिवाळ्याच्या अखेरीस बुरुलनं जे केलं त्यानं मात्र हद्द झाली. कोळसा नव्हता म्हणून प्रत्येक पोरानं घरून पोतंभर शेणी आणायच्या असा नेम होता. वाचनाची परीक्षा होती त्या सकाळी शेणी पेटल्या, पण धूर वर जाण्याऐवजी वर्गात आला. पोरं खोकत, रडत आणि आतून खूष होत बाहेर पळाली. परीक्षा बारगळली. जुमाशकाका, जो गावातल्या सगळ्यांची जनावरं कापून द्यायचा आणि छपरांवर चढायचाही, तो वर गेला आणि धुराड्यात हात घालून त्यानं एक ओला, लोकरीच्या नमद्याचा बूट बाहेर काढला. खाली सगळी शाळा जमलेली.

"कोणाचा रे हा?" त्यानं वरून विचारलं.

तो रायकान एजेचा होता. ती वर्गात शिरताना बूट दाराशी काढून ठेवायची. जुमाशकाकानं बूट तिच्या पायाशी टाकला आणि तिथून पुढे गावात लग्न असो की मयत, कोणीतरी हळूच विचारायचंच, "एजे, पाय गरम आहेत ना?"

अनारकाननं लेकीला झाडूनं बडवलं आणि मग शेणीच्या खोपटात जाऊन तोंडात रुमाल कोंबून हसली. पण एजेनं ते मनात धरलं. दोन दिवसांनी तिनं अनारकानला बोलावून सांगितलं, "तुझ्या पोरीचं डोकं अधू आहे. प्रांताच्या गावाला अशा पोरांची निवासी शाळा आहे. वसंतात वरून तपासणी येतेय, साहेबांची सही झाली की तिकडे पाठवू."

"एजे, ती अधू नाही हो. वात्रट आहे. वात्रटपणाला डोकं लागतं."

"मला शिकवतेस? तुला काम हवंय की पोरगी?"

बुरुल बाहेर बादलीपाशी उभी होती. तिनं सगळं ऐकलं. ती निवासी शाळा तिला माहीत होती. जुमाशकाकाच्या पुतण्याला तिथे नेलं होतं. सुट्टीला आला तेव्हा इतका गप्प झाला होता की अंगणातलं त्याचंच कुत्रं त्याच्यावर भुंकलं. जेवायला बसताना तो आईला विचारायचा, "बसू का?" बुरुलला मार, उपास, कोपऱ्यात उभं राहणं, कशाचंच काही वाटत नसे. याचं मात्र भय वाटलं. ती त्या दिवशी घरी गेली आणि आईच्या मागे मागे फिरत राहिली, गोठ्यात, पाण्यावर, चुलीपाशी, इतकी की अनारकान वैतागून म्हणाली, "पायात येऊ नकोस, अजून कुठे गेली नाहीस तू."

दुसऱ्या दिवसापासून एजेनं हजेरीत तिचं नाव घेणं बंद केलं. सही व्हायची होती, पण एजेला धीर नव्हता. "बोलोत." "आहे." आणि थेट "गुलझात." मधे बुरुलची जागा होती ती तिनं गिळून टाकली. पहिल्या दिवशी बुरुलला वाटलं चुकून राहिलं. तिसऱ्या दिवशी तिला कळलं. मग ती रोज बोलोत आणि गुलझातच्या मधल्या त्या फटीत स्वतःच उभी राहून म्हणायची, "आहे." वर्ग खिदळायचा. एजे मान वर करायची नाही. खिडकीतून माशी गेली तर निदान ती तिच्याकडे बघत असे.

वसंत आला, चिखल झाला आणि तपासणी आली. साहेबांचं नाव तुर्दुबेक शार्शेनोविच, पोट आधी जीपमधून उतरायचं आणि मग साहेब. बरोबर एक बाई, सगळं लिहून घेणारी. आदल्या दिवशी एजेनं वर्गातल्या कच्च्या पोरांना एकेक करून बोलावलं होतं: "उद्या तुला ताप आहे. तुला पण. तुझं पोट दुखतंय." पोरं आनंदानं आजारी पडली. बुरुलला मात्र घरी ठेवता येईना, कारण अनारकानला पहाटेपासून शाळेत राबायचं होतं, आणि घरी एकटी बुरुल म्हणजे गावाला धोका. एजे म्हणाली, "शेणीच्या खोपटामागे मेंढा बांधलाय, तो धरून बस. पाहुणे जाईपर्यंत थोबाड दाखवायचं नाही."

तर शाळेत वाचन चाललेलं, आणि खोपटामागे मेंढा, बुरुल आणि सुरीला धार लावणारा जुमाशकाका. दोरोनबेक आगाय घाईघाईनं आले. "जुमाश, काप आता. मांस शिजायला वेळ लागतो."

"पाहुण्यांनी दुआ दिली?"

"अरे ते आत वाचन ऐकताहेत. आता कुठे दुआ मागायची? काप तू."

जुमाशकाकानं सुरी पुसून म्यानात घातली. "पाहुण्याला मेंढा दाखवला नाही, त्यानं हात वर केले नाहीत, आणि मी कापू? तुम्ही मास्तर लोक काहीही खाल. माझी सुरी चालणार नाही."

"वेड लागलंय का तुला?"

"मग तुम्ही कापा."

आगायांनी मेंढ्याकडे पाहिलं, सुरीकडे पाहिलं आणि कपाळ पुसत परत गेले. जुमाशकाका भिंतीला टेकून तंबाखू चोळू लागला.

"काका, दुआ पाहुण्यांनीच द्यायची ना?"

"मग काय कुत्र्यानं?"

"आणि मेंढा त्यांच्यासमोर न्यायलाच हवा?"

"न्यायलाच हवा. न बघता कोण दुआ देतं?"

"मग मी नेऊन आणते."

जुमाशकाकानं तंबाखू ओठाखाली ठेवली आणि तो समोरच्या डोंगराकडे बघत बसला, जणू त्याला काही ऐकूच आलं नाही. बुरुलनं डोक्याचा रुमाल सोडून मोठ्या बायांसारखा नीट बांधला, मेंढ्याच्या शिंगाला धरलं आणि निघाली. तिच्या मनात त्या वेळी काय होतं, धर्म होता की खोडी, हे तिला आजही विचारलं तर ती म्हणते, "मेंढा माझ्याच हातात दिला होता ना?"

वर्गात एर्निस वाचत होता. एजेचा अंगठा घड्याळावर, साहेबांचे डोळे अर्धे मिटलेले. दार उघडलं आणि आधी मेंढा आत आला. फळ्यापर्यंत गेला, वळला आणि साहेबांच्या समोर त्यानं लेंड्या टाकल्या. मागून बुरुल. तिनं डोळे खाली घातले, दोन्ही हात छातीशी आणले आणि अगदी रीतीनं म्हणाली, "पाहुणे, तुमच्या वाट्याचा आणलाय. दुआ द्या."

एजेचा अंगठा घड्याळावरच अडला. साहेबांचं मात्र काही अडलं नाही. आयुष्यभर तपासण्यांच्या नावाखाली मेंढे खाल्लेला माणूस तो. दुआ हा शब्द कानावर पडताच त्याचे हात आपोआप वर गेले, झोपेतही गेले असते. हात वर गेले की सगळ्यांचे जातात. पोरांचे गेले, लिहिणाऱ्या बाईंचे गेले, एर्निसनं पुस्तक काखेत दाबून हात पसरले. एजेनंही पसरले, घड्याळ मधे लोंबकळत.

साहेबांना स्वतःचा आवाज फार आवडायचा. "या छताखाली बरकत राहो. या गावाचे कळप वाढोत. आणि ही जी लेक मेंढा घेऊन आली, ती आईच्या डोळ्यांसमोर मोठी होवो, याच शाळेत शिको, याच दारातून शिकून बाहेर पडो. ओमीन."

"ओमीन," सगळा वर्ग म्हणाला, आणि सगळ्यांनी तोंडावरून हात फिरवले. घड्याळ चालूच होतं. एर्निसचे शब्द किती झाले हे कोणी मोजलंच नाही.

"कितवीत गं तू?" साहेबांनी विचारलं.

"ती आपली नाही हो," एजे झटक्यात म्हणाली. "मेंढपाळाची पोर. मेंढ्याबरोबर आली."

अनारकान दारात किटली घेऊन उभी होती. तिची मान नेहमीप्रमाणे खाली होती. तिनं एकदा लेकीकडे पाहिलं. बुरुल तिच्याकडेच बघत होती, आणि त्या पोरीच्या चेहऱ्यावर त्या क्षणी एवढासाही वात्रटपणा नव्हता.

"माझी आहे ती," अनारकान म्हणाली. "तिसरीत. याच वर्गात, शेगडीजवळच्या बाकावर." आणि साहेबांपुढे किटली ठेवून म्हणाली, "चहा घ्या, निवतोय."

"असं का?" साहेब म्हणाले. "मग वाच बघू काहीतरी."

"मला नाही येत," बुरुल म्हणाली. "म्हणून तर मेंढ्यापाशी बसवलं होतं."

लिहिणाऱ्या बाईंनी हसू दाबायला वहीत तोंड खुपसलं. साहेब खदखदून हसले. त्यांना पोरीची दया वगैरे आली नव्हती; त्यांना भूक लागली होती आणि मेंढा जाडजूड होता. "जा, आधी त्याला घेऊन जा," ते म्हणाले.

जेवण मुख्याध्यापकांच्या खोलीत झालं. जागा मानाची दिसावी म्हणून गावातल्या इशेन आजोबांना आणून वर बसवलं होतं, त्यांना शाळेशी काही देणंघेणं नव्हतं. वोडकाचे दोन पेले झाल्यावर एजेनं साहेबांच्या कोपरापाशी कागद सरकवला. "मघाचीच पोर. निवासी शाळेची शिफारस. फक्त सही, शार्शेनोविच." साहेबांनी खिशातून पेन काढलं. ते काय वाचतात? त्यांनी वाचण्याचा प्रयत्नही केला नाही. अनारकान हात धुवायचं पाणी घेऊन उभी होती.

इशेन आजोबा हाड चोखत म्हणाले, "सकाळी दुआ फार छान दिलीत म्हणे. पोरं गावभर सांगताहेत. आईच्या डोळ्यांसमोर, याच शाळेत, याच दारातून."

"हो, दिली," साहेब म्हणाले.

"हां. मग ही सही म्हणजे ती परत घेताय का? नाही, घ्या बापडे. मेंढा तर शिजलाय. पण मी आजवर दुआ परत घेतलेला माणूस पाहिला नाही. तुम्हाला संध्याकाळी घाट उतरायचाय ना?"

साहेबांनी समोरच्या ताटातल्या मेंढ्याच्या डोक्याकडे पाहिलं, मग खिडकीतून घाटाकडे पाहिलं. कायदा, शिक्षण, पोरीचं भलं, यातलं काही त्यांच्या मनात आलं असेल असं म्हणणाऱ्यानं तो माणूस पाहिलेला नाही. त्यांना फक्त वळणांची भीती वाटली. त्यांनी पेन खिशात ठेवलं आणि कागद एजेकडे ढकलला. "एवढी मोठी शाळा, रायकान. एका पोरीनं काय बिघडतंय?"

मग विषय बदलायला त्यांनी डोकं पुढे ओढलं, सुरीनं एक कान कापला आणि रीतीप्रमाणे पोराला हाक मारली. खोलीत पोर एकच होतं, आईच्या मागे. "ये गं. हा घे. मोठ्यांचं ऐकत जा."

बुरुलनं कान दोन्ही हातांनी घेतला. खाल्ला नाही. टेबलाला वळसा घालून ती रायकान एजेपाशी गेली आणि तिच्यापुढे हात केले.

"एजे, हा तुम्ही खा."

"अगं, तो लहानांना देतात."

"मी रोज 'आहे' म्हणते," बुरुल म्हणाली. "तुम्हाला ऐकू येत नाही."

लिहिणाऱ्या बाईंनी या वेळी हसू दाबलं नाही. एजे लालबुंद होऊन इकडेतिकडे बघू लागली. इशेन आजोबा हाड खाली ठेवत शांतपणे म्हणाले, "घे, रायकान. डोक्यातला वाटा हाताशी आला की नाही म्हणत नाहीत." एजेनं घेतला. मेंढ्याचा कान चिवट असतो. ती बराच वेळ चावत राहिली आणि पाहुणे उठून जीपकडे गेले तरी तिचं तोंड हलतच होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अनारकाननं शेगडी पेटवली आणि व्हरांडा झाडायला घेतला. आत हजेरी सुरू झाली. "बोलोत." "आहे." एजे थांबली. तिनं घसा साफ केला, खिडकीकडे पाहिलं, पुन्हा घसा साफ केला.

"बुरुल."

बुरुल बाकावर टेकून छपराकडे बघत होती. ती छपराकडेच बघत राहिली. बाहेर झाडू थांबला.

"बुरुल," एजे मोठ्यानं म्हणाली.

"आहे," बुरुल म्हणाली, अगदी सावकाश.